ताई, नऊ फॉर्म आणि नऊ रविवार

प्रिय ताई,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढचं वाच" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून आज सरळ लिहूनच काढते, आणि सगळ्यांसमोर लिहिते कारण माझ्यासारख्या अजून बऱ्याच जणी असतील ज्यांची वही कपाटात साड्यांच्या खाली पडलीये.

२०१८ मध्ये साताऱ्याला त्या दोन दिवसांच्या लेखन कार्यशाळेत मी सगळ्यात मागच्या ओळीत बसले होते. चोपन्न वर्षांची होते, पाळी जायचं वय, रात्री घामानं जाग यायची आणि मग पहाटेपर्यंत झोप नाही, त्या वेळात मी लिहायचे. पाठकोऱ्या कागदांवर, जुन्या लसीकरण रजिस्टरच्या मागच्या पानांवर, कारण तेच हाताशी असायचं. फलटण तालुक्यातल्या उपकेंद्रात आयुष्य गेलं माझं, एएनएम म्हणजे सरकारी नर्सबाई म्हणून, त्यामुळे लिहिण्यासारखं डोळ्यासमोर ढीगभर होतं पण आपण लिहिलेलं साहित्य असतं असं कधी वाटलं नाही. घरात कुणाला माहीत नव्हतं. कार्यशाळेत बाकीच्या बायका वाचून दाखवत होत्या, माझा नंबर आला तेव्हा मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. ते खोटंच होतं. तुम्ही चहाच्या वेळी आलात आणि म्हणालात, घसा बसलाय ना, मग वही दे, मी वाचते. मी कशी काय दिली अजून कळत नाही.

पंधरा दिवसांनी वही पोस्टानं परत आली. मला वाटलं होतं छान छान लिहिलंय अशी एक चिठ्ठी असेल. चिठ्ठी नव्हतीच. पानापानावर पेन्सिल होती. ऊसतोडणीच्या टोळीतल्या बाईचं बाळंतपण कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत झालं ती गोष्ट होती बघा, त्यात मी कळा सुरू झाल्यापर्यंत लिहून मग एकदम "आणि पहाट झाली" असं केलं होतं. तिथे तुम्ही समासात लिहिलं होतं, 'पहाट नंतर. आधी सांग, त्या बाईचा हात कुठे होता?'

ताई, मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात खाली बसले. कारण तिचा हात माझ्या मनगटावर होता. घड्याळाच्या पट्ट्यावर. तिनं एवढं घट्ट धरलं होतं की पट्टा तुटला आणि घड्याळ पाचटात पडलं, बाळ किती वाजता झालं ते मला रजिस्टरला अंदाजानं लिहावं लागलं होतं. हे सगळं मला पंधरा वर्षं आठवत होतं आणि तरी मी ते लिहिलं नव्हतं, कारण असं काही लिहायचं नसतं असं वाटायचं. त्या एका ओळीनं मला कळलं की मी दरवेळी नेमक्या जागी दारातून बाहेर पडत होते. कौतुक माझं नंतर बऱ्याच जणांनी केलं, पण हा प्रश्न फक्त तुम्ही विचारलात.

त्यानंतर दर रविवारी दुपारी चारला फोन. तुम्ही सांगलीत, मी फलटणला. मी म्हणायचे, ताई माझं शिक्षण काय, माझी भाषा काय, आता या वयात कशाला. तुम्ही कधी समजूत काढली नाहीत, तुम्ही माणसं सांगायचात. लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या आणि शाळेत कधी गेलेल्या नव्हत्या. बहिणाबाई चौधरींचं पुस्तक १९५२ चं, त्या गेल्या १९५१ च्या डिसेंबरात, म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांना हातात घेता आलं नाही. "तू घेणार आहेस," असं म्हणून तुम्ही फोन ठेवला होतात त्या दिवशी.

आणि बेबीताई कांबळे, आमच्या फलटणच्याच दलित लेखिका. मी इतकी वर्षं फलटणला राहते आणि मला हे सांगलीच्या बाईकडून कळावं याचं फार वाईट वाटलं. किराणा दुकान चालवता चालवता ती बाई लिहीत होती, वीसेक वर्षं घरच्यांपासून लपवून, कागद कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवून. मग मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन भाषाअभ्यासक फलटणला आल्या, अभ्यासासाठी, त्यांना तिनं ते दाखवलं, त्यांनी हे छापलं गेलंच पाहिजे म्हणून मागं लागून लागून ते बाहेर काढायला लावलं, १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक. तिचं दुःख आणि माझं दुःख एका मापाचं नाही, जातीनं जे तिच्या वाट्याला दिलं ते मी फक्त वाचू शकते, पण कागद लपवणारा हात मला ओळखीचा वाटला. तुम्ही एवढंच म्हणालात की लिहिणारी एक असते, पण कागद बाहेर काढायला दुसरी कुणीतरी लागते. मी तेव्हा बेबीताईंबद्दलच विचार करत होते, तुम्ही स्वतःबद्दल काही बोलत असाल हे डोक्यातसुद्धा आलं नाही.

मग पुस्तकाचं सुरू झालं. मी २०२२ ला रिटायर झाले आणि एका ठिकाणी हस्तलिखित पाठवलं, आठ दिवसांत होकार आला, मी हवेत. पन्नास हजार भरायचे आणि वर दोनशे प्रती आपणच विकत घ्यायच्या. मी एफडी मोडायला निघाले होते खरंच, बँकेत फॉर्म भरून झाला होता, आणि बँकेतूनच तुम्हाला आनंदाची बातमी द्यायला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, फॉर्म फाड, घरी जा, आणि त्यांना पाच गोष्टी लेखी विचार. प्रती किती छापणार, विकायला कुठे ठेवणार, रॉयल्टी किती टक्के, हक्क कुणाकडे, आणि प्रती संपल्यावर पुढची आवृत्ती कोण ठरवणार. मी विचारलं. उत्तर आलंच नाही. ते पैसे माझ्या रिटायरमेंटचे होते ताई, आणि ते गेले असते तर मी परत पेन उचललं नसतं हे मला पक्कं माहितीये. जिचं कुणी ऐकत नाही अशा बाईला होकाराची इतकी भूक असते की ती कशावरही सही करते, आणि हे धंदेवाल्यांना बरोबर माहीत असतं. हे माझ्यासारख्या प्रत्येकीला कुणीतरी सांगायला पाहिजे.

दीड वर्षात तीन नकार आले. प्रत्येक नकाराला तुम्ही "पाकीट जपून ठेव" म्हणायचात आणि लगेच पुढचा पत्ता द्यायचात. शेवटी एका छोट्या प्रकाशकानं घेतलं, एक पैसा न मागता, पाचशे प्रती, दहा टक्के.

प्रूफचे दिवस तर मला आयुष्यभर पुरतील. मी मोबाईलवर टाईप केलेलं, ते त्यांच्या डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायच्या फॉन्टमध्ये घेताना सगळे अर्धे र उडाले, कोऱ्या, दुसऱ्या, बिचाऱ्या, जिथे तिथे भलतंच. आणि नेमकं तेव्हाच तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी म्हटलं राहू दे, मी बघते एकटी. तुम्ही म्हणालात, डोळ्यावर पट्टी आहे, कानावर नाही. मग मी फोनवर वाचायचे, अक्षर न् अक्षर, "म्हणाली स्वल्पविराम, दुहेरी अवतरण सुरू", आणि तुम्ही मध्येच थांबवायचात की हे वाक्य परत वाच, इथे तुझा श्वास अडकला, म्हणजे वाक्यात काहीतरी चुकलंय. एकशे चव्वेचाळीस पानं, छपाईच्या हिशेबात सोळा पानांचा एक फॉर्म, असे नऊ फॉर्म, नऊ रविवार.

पुस्तक आलं. तुम्ही एसटीनं आलात, कराडला गाडी बदलून, डोळ्यावर काळा चष्मा. आणि त्या संध्याकाळी तुमच्या सूनबाई सहज बोलून गेल्या की आईंनी स्वतःचं लिहिणं २०१६ पासून बंदच केलंय, कादंबरी अर्धी पडलीये, कुणीतरी आता अशा विषयाला वाचक नाहीत म्हणून परत पाठवली तेव्हापासून. मला उभ्या उभ्या काही सुचेना. २०१६! म्हणजे साताऱ्याला माझी वही मागितलीत तेव्हा तुमचं स्वतःचं लिहिणं दोन वर्षं बंद होतं. चार पुस्तकं नावावर असलेली बाई, अडुसष्टाव्या वर्षी आपलं संपलं असं धरून बसलेली, आणि ती दर रविवारी मला सांगतेय की तुझं सुरू होतंय. मला खूप राग आला तुमचा. आठ दिवस फोन केला नाही, आठवतंय ना. मला वाटलं माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून सांगितलं नाहीत. आता कळतं की तुम्ही माझी वेळ मला पूर्ण दिलीत, त्यातला एक रविवारसुद्धा स्वतःसाठी वापरला नाहीत.

मग हळूहळू तुम्ही सांगायला लागलात. नकाराचं दुःख कमी होतं, भीती दुसरीच होती. शब्द आठवत नाहीत. 'उंबरठा' शब्द अर्धा दिवस आठवला नाही आणि तुम्ही घरभर दारांकडे बघत फिरलात. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मात्र माझ्यातली एएनएम कामाला आली, म्हटलं ताई आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासा, घाबरायचं नंतर बघू. बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली, फरक पडला. सगळी भीती गेली असं नाही, मला माहितीये. पण आता शब्द अडला की तुम्ही मला मेसेज टाकता, "दाराच्या खालचं, लाकडी, ओलांडतो ते", आणि मी उत्तर देते, यापेक्षा मोठा मान मला कुठलाही नको.

आणि २०२५ चा फेब्रुवारी. दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी तुमच्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर, पंच्याऐंशी वर्षांच्या. तुम्ही तिकडे टीव्हीसमोर, मी इकडे, फोन स्पीकरवर. मी म्हटलं १८७८ पासून संमेलनं चालू आहेत आणि बाई अध्यक्ष फक्त सहावी, कुसुमावतीबाई देशपांडे, दुर्गाबाई भागवत, शांताबाई शेळके, विजयाबाई राजाध्यक्ष, अरुणाताई ढेरे आणि या. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता, मग म्हणालात, "पंच्याऐंशी म्हणजे माझ्याकडे अजून दहा आहेत गं." दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा मेसेज आला, आईंनी माळ्यावरून पेटी काढायला लावली.

त्या पेटीतलं हस्तलिखित आता माझ्याकडे आहे. आभार मानायला शब्द शोधत होते, पण तुम्हाला आभार आवडत नाहीत, काम आवडतं. म्हणून रविवारी चारला फोन करते, चष्मा आणि पेन्सिल घेऊन बसा. चौथं प्रकरण वाचून झालंय. फार ताकदीचं आहे. पण पान ६१ वर, आई कपाट उघडते तिथे, तुम्ही "आणि दिवस मावळला" लिहिलंय. दिवस नंतर मावळू दे ताई. आधी सांगा, कपाटात काय होतं?

तुमची,
फलटणची