नंदूची यादी आणि दिल्याचं डिपॉझिट

नाशिक
14 नोव्हेंबर 2025

प्रिय पक्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, धड बोलणं झालंच नाही. तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आईचे गुडघे आहेत तसेच. हे पत्र मात्र वेगळ्याच कारणासाठी. दिल्याने गेल्या महिनाअखेरीस नंदूचा इंदिरानगरचा फ्लॅट सोडला आणि आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार? इतरांच्या लेखी ते घरमालक आणि भाडेकरू. आपल्या लेखी नंदू म्हणजे पंचवटीच्या आपल्या जुन्या घरमालकीण सुधाकाकूंचा मुलगा आणि दुसरा आपला दिल्या.

60,000 डिपॉझिटमधून नंदूने 57,800 कापले. यादी हातात आहे: पूर्ण घराचा रंग 34,000, किचनच्या ट्रॉल्या 8,500, गीझर 5,500, बाथरूमचं दार 3,500, बेसिन 2,800, खिळ्यांची भोकं 1,500, साफसफाई 2,000. उरले 2,200. दिल्या म्हणतो, नऊ वर्षं घर पोटच्या पोरासारखं सांभाळलं, एक रुपया देणार नाही. पक्या, दोघांचंही चुकतंय, आणि ते दाखवायचं तर एकेक वस्तू बघावी लागते.

रंगापासून सुरू करतो, कारण अर्ध्याहून जास्त पैसे तिथेच आहेत. 2016 ला दिल्या आला तेव्हा भिंतींना ऑइल बाउंड डिस्टेंपर, म्हणजे साधा स्वस्तातला रंग, होता. राहत्या घरात तो चार-पाच वर्षं नीट दिसतो, मग खडूसारखा हाताला लागतो. नऊ वर्षांनी त्याची किंमत शून्य. दिल्याच्या पोरीने हॉलमध्ये रंगीत खडूने काढलेली आगगाडी अजून दिसते, नंदूने तिचा फोटोही जोडलाय. पण जी भिंत 2021 मध्येच रंगवायला आली होती तिच्यावर रेघोट्या असल्या काय आणि नसल्या काय, खर्च तोच. रंग दोन वर्षांचा असता तर मी दिल्याला हिस्सा द्यायला लावला असता. (तुझं ते जुनं पालुपद, सोडताना रंग भाडेकरूनेच द्यायचा! करारात तसं लिहिलं असेल तर द्यायचा, नाहीतर नाही. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, तू रागावून मिसळ अर्धी टाकून उठला होतास.)

बेडरूमची पश्चिमेची भिंत हा वेगळा विषय. पोपडे सुटलेत आणि पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार, आलाय. नंदू म्हणतो, घर बंद ठेवून दमट केलं. हे तपासायला सोपं आहे. फूटभर चौकोनी प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस तसाच ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतल्या दमटपणाची. इथे पाणी भिंतीकडून धरलं, आणि बाहेरच्या प्लॅस्टरला खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर आहे. पावसाळ्यात वारा त्याच बाजूने झोडपतो. हे काम घरमालकाचं आणि सोसायटीचं. आतून कितीही पुट्टी भरली तरी पुढच्या जुलैत पुन्हा फुगेल.

आता दिल्याची बाजू जिथे लंगडी आहे ते. त्याने स्वतःचा स्प्लिट एसी काढून नेला आणि पाइपचं अडीच इंची भोक उघडंच ठेवलं. त्यातून पाणी आत आलं, खाली हातभर पिवळा ओघळ उतरलाय. कॅलेंडरचा खिळा ही रोजच्या वापरातली झीज, तिचे पैसे भाडेकरूने द्यायचे नसतात; हे भोक ही झीज नव्हे. ते आतून-बाहेरून सिमेंटने बुजवायचं, बाहेर वॉटरप्रूफिंगचा हात द्यायचा. बाथरूममध्ये टॉवेलच्या दांडीसाठी त्याने दोन टाइल्सना भोकं पाडली, एक तडकली. भिंतीतलं भोक पुट्टीने जातं, टाइलमधलं जात नाही, टाइलच बदलावी लागते. आणि त्या डिझाइनच्या टाइल्स आता बाजारात नाहीत, रविवार कारंजावर विचारून झालं. जवळच्या रंगाच्या बसवाव्या लागतील. गंमत म्हणजे नंदूच्या यादीत हे नाहीच, मी घातलं. दिल्या माझ्यावर डाफरला. डाफरू दे.

बेसिनला तडा गेलाय, वरून जड काहीतरी पडल्याचा. ते दिल्याने भरायचं, पण नव्या बेसिनचे पूर्ण पैसे नव्हेत. वस्तू किती वर्षं टिकते, त्यातली किती वापरून झाली, उरलेल्या वर्षांचेच पैसे. बेसिन 20 वर्षं धर, 9 गेली, 11 उरली. 2,800 चे वीस भाग, त्यातले अकरा, म्हणजे 1,540. जुन्याच्या बदल्यात नवं मिळवायचा हक्क घरमालकाला नसतो.

ट्रॉल्यांचं प्रकरण मात्र नाजूक. सिंकखालच्या कपाटाचा प्लाय फुगलाय, थर सुटलेत. कडा खरवडून पाहिली, साधा कमर्शियल प्लाय आहे, आयएस 303 या भारतीय मानकाचा. तो ओलावा थोडाफार सोसतो, सिंकखाली आयएस 710 चा वॉटरप्रूफ लागतो. फुगवटा बॉटल ट्रॅपच्या (सिंकखालच्या सांडपाण्याच्या बाटलीसारख्या जोडाच्या) बाजूने, खालून वर चढलाय, म्हणजे गळती. आता प्रश्न एवढाच की गळती कळवली होती का? भाडेकरूने महिनोन्‌महिने थेंब बघत गप्प बसायचं आणि नंतर झीज म्हणायचं, हे चालत नाही. दिल्याने 2021 मध्ये नंदूला व्हॉट्सॲपवर फोटोसकट कळवलं होतं. नंदूचं उत्तर, ‘बघतो’. त्या एका शब्दाने 8,500 नंदूच्या अंगावर गेले. ट्रॉल्या सरकतात ते चॅनल ढिले झालेत ते वापरानेच, बेअरिंग झिजतात.

गीझर बोअरच्या पाण्यावर होता. उघडला तर पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बोटभर जाड क्षार आणि अॅनोडची (टाकीऐवजी स्वतः झिजणाऱ्या सळईची) नुसती तार उरलेली. एलिमेंट, थर्मोस्टॅट आणि अॅनोड बदलले तर नव्यापेक्षा कमी पैशांत चालू होईल, आणि तेही मालकानेच करायचं. बाथरूमचं दार खालून कुजलं कारण त्याला खाली पत्रा कधी मारलाच नव्हता. साफसफाईचे 2,000 मात्र रास्त आहेत. चिमणीची जाळी बघितलीस तर हात लावणार नाहीस. जे घासून निघतं ते भाडेकरूने घासून द्यायचं.

दिल्याला कुणीतरी वकिली शिकवली की मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 दाखव, त्यात वाजवी झीज वगळली आहे. वगळली आहे हे खरं, पण ते कलम भाडेपट्ट्याचं. याचा करार लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेपट्टा नव्हे तर राहायची नुसती परवानगी, तिथे करारातलं वाक्य बघायचं. सुदैवाने त्यात ‘सामान्य झीज वगळून’ असं स्पष्ट आहे. नंदूचा मुद्दा असा की 2022 ला नवा करार झाला, त्यात घर ‘सुस्थितीत’ लिहिलंय, म्हणून तिथून मोजा. पण तेव्हा घर कुणी पाहिलंच नाही, जुना मसुदा तारीख बदलून छापला. मधली दोन वर्षं तर कराराची नोंदणीही नाही. ती करून घेणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. हे नंदूला धमकी म्हणून सांगायचं नाहीये. फक्त कळू दे.

दिल्या एक किल्ली अजून दाबून बसलाय, ‘पैसे दे, किल्ली घे’. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मुदत संपल्यावर ताबा सोडला नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई लागू शकते. डिपॉझिटसाठी दावा लावायला तीन वर्षं मिळतात, किल्लीची गरजच नाही. किल्ल्या मोजून द्यायच्या, महावितरणच्या मीटरचा फोटो काढायचा, सोसायटीची शेवटची पावती जोडायची आणि ताबा मिळाल्याच्या कागदावर नंदूची सही घ्यायची. एवढं त्याने उद्या करावं.

माझा हिशोब असा: बेसिन 1,540, टाइल्स 1,200, एसीचं भोक आणि त्याखालचा पट्टा 1,500, साफसफाई 2,000. एकूण 6,240. परत द्यायचे 53,760. नंदूला घर नवं करून सिंहस्थाच्या आधी जास्त भाड्याने द्यायचंय, जरूर द्यावं, पण तो खर्च पुढच्या भाड्यातून निघेल, दिल्याच्या डिपॉझिटमधून नाही. तो मुळात लोभी नाही हे तुलाही ठाऊक आहे. पंचवटीतली खोली सोडताना सुधाकाकूंनी आपलं डिपॉझिट मोजून हातात ठेवलं होतं, मोरीचा कडप्पा आपणच फोडलेला असून. (तूच फोडलास. हे मी मरेपर्यंत म्हणणार.)

केतकीची बारावी कशी चाललीय? वहिनींच्या बदलीचं काय झालं? सविस्तर लिही.

नंदू माझं ऐकत नाही, मी दिल्याचा माणूस असं त्याने ठरवून टाकलंय. तुझं ऐकेल. रविवारी सकाळी दहानंतर त्याला फोन कर. आधी रंगाचं नको काढूस, बिथरेल. बेसिन आणि टाइल्स दिल्या भरतोय हे पहिल्यांदा सांग, मग ओलीच्या भिंतीचं, मग व्हॉट्सॲपच्या मेसेजचं. भिंतीचे आणि प्लायचे फोटो आजच तुला पाठवतो. पाच-सात हजार इकडेतिकडे झाले तर दिल्याला मी बघतो, तेवढं तू नंदूकडून मान्य करून घे.

तुझा,
विन्या