उच्चदाब प्रयोगांसाठी पुरवलेल्या फायबर लेसरमधील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : फायबर लेसरच्या अस्थिर शक्तीबाबत

महोदय,

आपल्याकडून घेतलेल्या १०० वॅटच्या दोन फायबर लेसरांपैकी एकाची शक्ती स्थिर राहत नाही, हे आम्ही आपल्या सेवा अभियंत्यांच्या निदर्शनास आणले होते. त्यांनी मात्र पॉवर मीटर लावून सरासरी शक्ती मर्यादेत असल्याचा अहवाल दिला आणि तक्रार बंद केली. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही.

आमच्या प्रयोगात लोहाचा जेमतेम १० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सुमारे ५० गिगापास्कल दाबाखाली धरलेला असतो, दोन्ही बाजूंनी लेसर सोडून तो तापवला जातो आणि तापलेल्या ठिपक्याच्या मध्यातूनच क्ष-किरणांचा झोत जातो. इतका लहान नमुना क्षणार्धात तापतो आणि तितक्याच झटपट निवतो, त्यामुळे मिलिसेकंदाचा चढउतारही त्याच्या तापमानात उमटतो. आपले थर्मल पॉवर मीटर प्रतिसाद द्यायलाच सेकंदभर घेते. त्यावर आकडा स्थिर दिसणारच. जलद फोटोडायोडने (प्रकाशाची तीव्रता तत्क्षणी टिपणाऱ्या संवेदकाने) ऑसिलोस्कोपवर घेतलेले शक्तीचे आलेख सोबत जोडले आहेत. २० टक्के शक्तीला या लेसरची रेषा करवतीसारखी दातेरी आहे, तर दुसऱ्याची त्याच शक्तीला सपाट आहे.

सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे तीव्र क्ष-किरण पुरवणाऱ्या यंत्रणेवर, महिनोन्महिने वाट पाहून मिळालेला बीमटाइम (झोत वापरण्याची नेमून दिलेली वेळ) या दोषापायी वाया गेला, याचे आम्हाला फार वाईट वाटते. नमुन्याच्या प्रकाशाच्या वर्णपटाला प्लांकचे सूत्र (तापलेल्या वस्तूचा प्रकाश आणि तिचे तापमान यांचा संबंध) लावून आम्ही तापमान काढतो. तापमान खालीवर होत असले की एकाच एक्स्पोजरमध्ये उष्ण क्षणांचा प्रकाश जास्त भरतो आणि आकडा खऱ्या सरासरीपेक्षा चढा येतो. याच चढउतारामुळे विवर्तनचित्रांत, म्हणजे अणूंची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण चित्रांत, लोहाच्या षट्कोनी आणि घन अशा दोन्ही स्फटिकरचनांच्या रेषा एकत्र उमटल्या आहेत. रचना नेमकी कोणत्या तापमानाला बदलते, हाच आमचा प्रश्न असल्याने ही चित्रे प्रसिद्ध करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तरी सदोष लेसर विनामूल्य बदलून द्यावा, नव्या लेसरची चाचणी आमच्यासमोर फोटोडायोड लावून कमी शक्तीवरही घ्यावी आणि हमीचा कालावधी त्या चाचणीच्या तारखेपासून धरावा, ही विनंती. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास खरेदी करारातील कामगिरी-हमीचे कलम आम्हाला लागू करावे लागेल.

कळावे,

आपली विश्वासू,
प्रयोगशाळा प्रमुख

सोबत : ऑसिलोस्कोपचे आलेख, आपल्या अभियंत्यांच्या अहवालाची प्रत