मौनातला ‘हूं’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चातुर्मास लागला की मौनाने जेवण्याचा नेम धरणारे पुष्कळ भेटतात. नेम चांगलाच आहे, पण तो बहुतेक घरांत पहिल्या आठवड्यातच बिघडतो आणि बिघडल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून हे पत्र.

भाजीत मीठ कमी पडलेले असते. बोलायचे तर नाही. मग कपाळाला आठी पडते, डाव्या हाताचे बोट मिठाच्या वाटीकडे जाते आणि नाकातून ‘हूं!’ निघतो. वाढणारी दचकते. ‘जरा मीठ दे’ हे तीन शब्द यापेक्षा कितीतरी सौम्य होते! जीभ गप्प राहिली, चिडचिड भुवयांतून बोलून गेली. इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यना ध्यानाच्या 10 दिवसांच्या शिबिरात ‘आर्य मौन’ असते. ते वाचेसोबत काया आणि मनाचेही धरतात, त्यामुळे खाणाखुणा आणि चिठ्ठ्याही वर्ज्य. अडचण आली तर मात्र सेवकाशी हळू आवाजात बोलता येते.

घरी बसण्याआधी मीठ, लिंबू, चटणी आणि पाण्याचा तांब्या ताटाशेजारी घ्यावा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. पालथा घातलेला शेवटी हाताशीच असतो. आणखी काही लागले तर स्वतः उठून घ्यावे, नाहीतर नेम एकाचा आणि राबणे दुसरीचे. (जुन्या घरांत ते तसेच होते, हे कबूल करायला हवे.) उठणे शक्यच नसेल तर हुंकारण्यापेक्षा सरळ शब्दांत मागावे.

खरी पारख आचवल्यावर. 20 मिनिटे दाबून ठेवलेले जे पहिले वाक्य ओठांवर येते, ते बहुधा तक्रारीचे असते. हात पुसेपर्यंत ते थोपवून गीतेच्या 17व्या अध्यायातल्या 15व्या श्लोकाशी ताडून पाहावे. स्वाध्यायाबरोबर वाङ्मय तपात, म्हणजे वाणीच्या तपात, तिथे जे बोलणे सांगितले आहे ते उद्वेग न आणणारे, सत्य, प्रिय आणि हितकर. चारही एकदम लागतात. गफलत होते ती इथे. ‘मी बाबा तोंडावर बोलतो’ म्हणणारा सत्य तेवढे उचलतो, गोडबोल्या प्रिय तेवढे. ‘भाजी अळणी झाली’ हे सत्य, आणि उद्याच्या भाजीसाठी हितकरही. तेच ‘तुला कधी जमलंय!’ असे आले की पहिल्या कसोटीला उतरत नाही, आणि त्या ‘कधी’पायी दुसरीलाही नाही.

चारांतली एकही अडत असेल तर वाक्य संध्याकाळपर्यंत ठेवून द्यावे. पुष्कळदा तोवर ते उरत नाही. उरलेच तर शांतपणे बोलून टाकावे.

आणि घरात अबोला चालू असेल त्या दिवशी हा नेम करूच नये. घरच्यांना दोन्हींतला फरक कळत नाही, आणि थोड्या वेळाने करणाऱ्यालाही.

— एक वाचक, नाशिक