ते छायाचित्र नव्हे, लाकडी ठशाचे चित्र

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला वाफेच्या यंत्रांवरचा लेख आवडला. मात्र सोबतच्या, १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनातील छपाईयंत्राच्या चित्राखाली ‘संग्रहित छायाचित्र’ असे छापले आहे. ते छायाचित्र नाही. कॅमेरा तेव्हा होता, प्रदर्शनाची छायाचित्रे निघालीही. पण खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, मजकुराशेजारी छायाचित्र छापायची सोय वर्तमानपत्रांकडे नव्हती. छायाचित्र लहानमोठ्या ठिपक्यांत उतरवणारे हाफटोन ब्लॉक आले आणि १८८०नंतर ती हळूहळू झाली. तोवर चित्र हवे तर लाकूड कोरावे लागे.

लाकूडही साधे नव्हे. बॉक्सवूड या कठीण, घट्ट लाकडाच्या खोडाचा आडवा छेद घेऊन, खिळ्यांच्या उंचीचा ठोकळा करून त्यावर बारीक सळईसारख्या हत्याराने कोरत. कोरलेले पांढरे, राखलेले काळे. आपल्याच चित्रात पाहा: यंत्राचा गोल भाग म्हणजे कडेला दाटत गेलेल्या रेघा आहेत, दुसरे काही नाही. तांब्याच्या पत्र्यावरची कोरणी याहून नाजूक खरी, पण तिची शाई खाचेतून उचलावी लागे, म्हणून ती खिळ्यांबरोबर एका दाबात छापता येत नसे. लाकडी ठसा मात्र मजकुरासोबत थेट यंत्रावर चढे. लंडनच्या ‘टाइम्स’ने १८१४मध्येच वाफेवर तासाला सुमारे ११०० कागद छापायला सुरुवात केली होती. छपाई अशी धावू लागली, तरी चित्र शेवटी कुणाच्या तरी मनगटावरच अडलेले!

बॉक्सवूडचे खोड बारीक, म्हणून मोठ्या चित्रासाठी अनेक तुकडे जोडत. पुढे ते बोल्टने जोडू लागले. मग रेखाटन झाले की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या खोदकारांना वाटायचे आणि कोरून झाले की पुन्हा आवळायचे. जुन्या मोठ्या चित्रांत मधूनच एखादी सरळ पांढरी रेघ जाते ती याच सांध्याची. आपल्या चित्रातही उजवीकडे ती दिसते. छपाईतला दोष समजून ती पुसली नाहीत, हे बरे केलेत.

छायाचित्र म्हटले की वाचक त्याला पुरावा मानतो, म्हणून हे लिहितो आहे. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या सचित्र साप्ताहिकाच्या १४ मे १८४२च्या पहिल्याच अंकात हॅम्बुर्गच्या आगीचे चित्र होते. ते करायला कुणी हॅम्बुर्गला गेलेच नव्हते. ब्रिटिश म्युझियममधले त्या शहराचे जुने चित्र घेतले आणि त्यात ज्वाळा व धूर भरला. आजच्या भाषेत फोटोशॉपच की! तेव्हा आपल्या चित्रातल्या यंत्राचा प्रत्येक दांडा जागच्या जागी असेलच, असे समजू नये.

यापुढे अशा चित्राखाली मूळ नियतकालिकाचे नाव आणि साल द्यावे. आणि चित्राची खालची कड कापू नये. खोदकाराची सही बहुधा तिथेच असते.

आपला,
एक वाचक, पुणे