लेहच्या सहलीत रात्रीची उंचीही छापा

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की ‘लेह-लडाख, ६ रात्री ७ दिवस’ अशा जाहिरातींनी पाने भरतात. हॉटेल किती तारांकित, जेवण मराठी पद्धतीचे की नाही, सगळे त्यात असते. कोणत्या रात्री किती मीटरवर झोपायचे, ते मात्र नसते. सहल सुखाची होणार की सलाइनची, हे बरेचसे त्यावरच ठरते.

लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर आहे, शहर साधारण ३,५०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे दर श्वासात प्राणवायूही तेवढाच. शरीर जुळवून घेते, पण त्याला किमान दोन दिवस लागतात. फसगत होते ती पहिल्या दुपारी. विरळ हवेचा त्रास सहसा सहा ते बारा तासांनी सुरू होतो. विमाने बहुतेक सकाळीच उतरतात, कारण दुपारनंतर दरीत वारे सुटतात. प्रवासी जेवतो, ‘मला तर काहीच होत नाही’ म्हणतो, संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतो आणि रात्री दोनला डोके धरून बसतो. व्यायामाच्या सवयीने यातून सुटका नाही. कळसूबाई १,६४६ मीटर. ते दहा वेळा सर केलेला तरुण इथे आजोबांच्या आधी आडवा होऊ शकतो, कारण आजोबा निदान हळू चालतात.

आता नेहमीचा कार्यक्रम पाहा. दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला ही खिंड, ५,३५९ मीटर. (तिथल्या जुन्या प्रसिद्ध पाटीवरचे १८,३८० फूट मोजणीत टिकले नाहीत.) पलीकडचे नुब्रा खोरे लेहपेक्षा खाली असल्याने तिथला मुक्काम बरा. अडचण पँगाँगची. तलाव सव्वाचार हजार मीटरवर आहे. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला. लेहहून थेट गेल्यास ती साडेसातशेने वाढते. शिवाय मध्यरात्री कुणाला धाप लागली आणि लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात न्यायचे ठरले, तर नेहमीच्या रस्त्यावर आधी चांग ला ही खिंड ओलांडावी लागते. ती सुमारे ५,३६० मीटर. म्हणजे ज्याला खाली न्यायचे, त्याला आधी आणखी हजार मीटर वर चढवायचे. तंबूतल्या रात्रीची भुरळ समजू शकते, पण लहान मुले आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर पँगाँग पहाटे निघून रात्रीपर्यंत परत असेच करावे. एका बाजूचे पाच तास जातात, पाठ मोडते, पण झोप लेहमध्येच होते.

क्रम असा हवा: पहिल्या दोन रात्री लेह, त्यात सपाटीवरच्या बाजारात फेरफटका, बाकी आराम. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने पश्चिमेला आलची, जे लेहपेक्षा खालीच आहे. मग नुब्रा. पँगाँग शेवटी. वेळ असेल तर श्रीनगरहून रस्त्याने जाणे अधिक चांगले, कारण वाटेतला कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आत होतो. मनालीच्या वाटेवर सरचूला तंबूत झोपवतात, ते ४,२०० मीटरच्याही वर. त्याऐवजी त्याच वाटेवर पण खाली असलेल्या जिस्पाला थांबावे.

कापराची पुडी हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू वाढत नाही. दहा लिटरचा ऑक्सिजनचा डबा मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत रिकामा होतो. ऑक्सिमीटर न्यावा, पण गार बोटावर किंवा नखाच्या रंगावरून आकडा चुकतो. पहिल्या दिवशी ८५ ते ९० टक्के दिसले तर लगेच घाबरू नये. आकड्याइतकेच माणसाकडे बघावे. डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप, कोरडा खोकला थांबेना, किंवा टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालताना तोल जातो, यातले काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता ऑक्सिजन आणि डॉक्टर. विरळ हवेचा त्रास टाळण्याची गोळी, डायमॉक्स, बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. मद्य आणि झोपेची गोळी पहिल्या दोन रात्री बंद, दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

पर्यटन कंपन्यांनी ‘मुक्काम’ या शब्दापुढे मीटरचा आकडा छापावा आणि आपल्या पर्यटन पुरवणीनेही तो जाहिरातीत मागावा. ज्यांचे बुकिंग झाले आहे त्यांनी कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिलने ते आकडे स्वतः लिहावेत. दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपुढे चार हजारांच्या वरचा आकडा आला, तर निघण्याआधीच फोन करून दिवसांची अदलाबदल करून घ्यावी.

– एक वाचक, ठाणे