डावा प्रसाद

साखळी, गोवा

प्रिय अनंत,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर लिहितो म्हणालो होतो, दिवाळीही होऊन गेली. पण आता जे झालंय ते तुलाच सांगायला हवं. इथे कुणाला सांगितलं तर तो हसेल तरी, नाहीतर हात जोडेल तरी. दादाने त्याच्या रोहनसाठी सातेरी देवीला पाकळ्या लावून कौल मागितला. प्रसाद डावा पडला, म्हणजे देवीचा नकार.

आमच्या तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी साखर गोळ्यांवर आहे.

रोहनला कंपनीतली नोकरी सोडून आजीचं कुळागर, ती जुनी पोफळी-नारळांची बाग, पुन्हा उभं करायचंय. तेच कुळागर, ज्याच्या पाटात तू माझी नवी चप्पल सोडून दिलीस आणि अजून कबूल करत नाहीस. मधली बरीच वर्षं तिकडे कुणी फिरकलंच नाही. पोफळी माना टाकून उभ्या, पाट गाळाने भरलेला, मिरवेली कधीच गेल्या. पोराने दर रविवारी जाऊन पाट उपसला, माती तपासून घेतली, बँकेत कर्जाची चौकशी करून आला. नवी पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात, तोवर केळी आणि भाजीवर भागवीन म्हणतो. सगळा हिशेब वहीत मांडलाय. मी ती वही पाहिली. आपल्या वयाच्या माणसांनाही इतकं नीट मांडता येत नाही रे.

दादाने वही उघडलीच नाही. सोमवारी सकाळी देवळात गेला, गाऱ्हाणं घातलं, भटजींनी पाकळ्या लावल्या आणि डावीकडची पाकळी खाली आली. घरी आला, शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाला, ‘विषय संपला.’ वहिनी ओट्याजवळ उभी होती, ती काहीच बोलली नाही. रोहन माझ्याकडे बघत होता.

आता तू म्हणशील, मग यात नवीन काय? तू बडोद्याला जायचं म्हणालास, तेव्हा तुझ्या तात्यांनीही हेच केलं होतं. म्हणून तर तुला लिहितोय.

दादाला मी दोष देत नाही. तू लांब होतास, तू ती वर्षं पाहिली नाहीस. कर्ज काढून दोन ट्रक घेतले होते त्याने. पहाटे चारला उठून खाणीवर रांगेत उभा राहायचा, खनिजाची माती घेऊन आमोण्याच्या जेटीवर, परत खाणीवर, परत जेटीवर. दारू नाही, पत्ते नाहीत, हप्ता कधी चुकला नाही. आणि सप्टेंबर 2012 मध्ये एका आदेशाने खाणी बंद झाल्या, सगळं थांबलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली, तेव्हा त्याने टायर बदलले, ताडपत्री काढली. मग फेब्रुवारी 2018 चा निकाल आला, 88 लीज रद्द झाली आणि 16 मार्चपासून पुन्हा शुकशुकाट. एक ट्रक भंगारात गेला. मध्यंतरी कुणीतरी पत्रिका बघून साडेसाती सांगितली आणि दादाला ते पटलं. तेव्हापासून तो आंब्याचं कलम लावायचं झालं तरी देवाला विचारून लावतो.

मी त्याला एकदा विचारलं होतं, डिचोली तालुक्यात ज्यांचे ज्यांचे ट्रक उभे राहिले त्या सगळ्यांची रास एकच होती का? शनी काय एकट्या खाणपट्ट्यावर बसला होता? लीजवर सह्या माणसांनी केल्या, मर्यादेबाहेर माणसांनी खणलं, खटले माणसांनी घातले, निकाल माणसांनी दिला. त्याला नशीब म्हटलं की यातला प्रत्येक जण सुटतो. दादा चिडला नाही. एवढंच म्हणाला, ‘त्यात मी काय केलं होतं?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. प्रयत्न केला की फळ मिळतंच, हे दादासमोर बोलणं म्हणजे त्याचा अपमान आहे. त्याच्याइतके कष्ट मी उभ्या जन्मात केलेले नाहीत.

तुला अकरावीतलं आपलं भांडण आठवतं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितलीत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. तू म्हणालास, ‘चार विरुद्ध एक, मतदान घ्या, दैव पडलं.’ सर हसले आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. आजही सांगतो, तू चुकत होतास. ती मोजदाद नाहीच. जमीन आहे, पोरगा आहे, पंप-अवजारं आहेत, राबणं आहे, आणि पाऊस कसा पडेल ते कुणाच्याच हातात नाही. पाचातलं एक नसलं तरी कुळागर उभं राहात नाही. पण पाचवं आपल्या हाती नाही म्हणून पहिली चारही खाली ठेवायची, हे कुठे लिहिलंय? पोफळीला कोळेरोग पावसामुळे येतो, खरं आहे. पण आजोबा पावसाच्या तोंडावर शंभर लिटर पाण्यात किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना घालून बोर्डो मिश्रण करायचे, घोसाघोसावर फवारायचे, आणि मध्ये उघडीप मिळाली की पुन्हा. ज्यांनी फवारलं नाही त्यांच्या सुपाऱ्या सडून खाली पडायच्या.

आणि हेच आजोबा सातेरीला विचारल्याशिवाय विहिरीला हात लावत नसत! मला यात विसंगती कधीच वाटली नाही. गावात दोन घरांचा वाद कौलावर मिटलेला आपण पाहिलाय. कोर्टात तो नातवंडांपर्यंत चालला असता. माझा राग प्रसादावर नाही, दादाने जे विचारलं त्यावर आहे. आजीला विहिरीचा प्रसाद डावा पडला तेव्हा ती उठून आली नाही. तिथेच बसून तिने पुन्हा गाऱ्हाणं घातलं: पावसानंतर खणू का? नाही. पलीकडे, फणसाजवळ खणू का? उजवा. ती म्हणायची, देवी विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते, नीट विचारायचं काम आपलं. दादाने एकच विचारलं, ‘पोराने नोकरी सोडावी का?’ कुळागराचं नावही घेतलं नाही. घाबरलेला माणूस असंच विचारतो.

आता माझी खरी काळजी. मी शब्द टाकला तर रोहन नोकरी सोडेल, एवढा त्याचा माझ्यावर विश्वास आहे. पण पुढे माकडांनी नारळ पाडले, एखाद्या वर्षी कोळेरोगाने घोस गेले, घरात कुणी आजारी पडलं, की सगळे त्या सोमवारकडे बोट दाखवतील. तू बडोद्याला गेलास आणि त्याच वर्षी तात्या गेले. त्यांचं हृदय कमजोर असल्याचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तुला माहीत होतं, मला माहीत होतं. तरी बाराव्याला तुझ्या काकूने सगळ्यांसमोर जे म्हटलं, ते मी विसरलेलो नाही. तू मान खाली घालून पंगतीत वाढत राहिलास. ते ओझं तू कसं वाहिलंस, हे मी तुला कधी विचारलं नाही. आज विचारतोय, कारण रोहनच्या पाठीवर ते ठेवायची वेळ आलीय आणि त्याला त्याचं वजन सांगणारा मला दुसरा कुणी माहीत नाही.

मी एवढंच ठरवलंय की दादाला घेऊन पुन्हा देवळात जायचं, रोहनलाही न्यायचं, आणि गाऱ्हाणं रोहनच्या तोंडून घालायचं. दादा येईल की नाही, कोण जाणे. वहिनी मात्र काल हळूच म्हणाली, ‘भावजी, जाऊया.’

तुझ्या नव्या घराचे फोटो बघितले. गॅलरी छान आहे, पण तुळस उन्हात ठेव रे. मुक्ताचं लग्न ठरलं की आधी कळव, मागच्यासारखं पत्रिकेतून नको. बायपासनंतर चालायला जातोस ना?

रोहनशी एकदा बोल. जा किंवा जाऊ नको, असं काही सांगू नकोस. तुझं काय झालं तेवढंच सांग, काकूच्या बोलण्यासकट. नंबर मेसेजने पाठवतो. आठनंतर कर, त्याआधी तो कंपनीतून आलेला नसतो.

तुझा,
दत्ता