येळवसच्या रात्री धावून आलेल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्रं वाचायची सवय नाही. चष्मासुद्धा तुम्ही ओळंबा धरतानाच लावता. म्हणून हे उघड्यावरच लिहितेय. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल, आणि ज्यांच्या घरात अजून चूल पेटते अशा चार लोकांच्या नजरेखालूनही जाईल. तुमचं नाव घातलेलं नाही. आईची ताकीद आहे : "नाव टाकू नको त्यांचं. लोक रांगा लावतील आन् त्यांचे गुडघे दुखतेत."

पुस्तकात वेळ अमावास्या, आपल्याकडं येळवस, शेतात जाऊन जेवायचा सण. तिच्या आदल्या रात्री लातूर-धाराशिवकडच्या कुठल्याही घरात चूल विझत नाही. आमच्याकडं भज्जीचं मोठं पातेलं चुलीवर होतं, वैलावर खिरीचे गहू. जाळ कमी पडतोय म्हणून मीच तुराट्यांची एक मोळी आत सारली. दोन मिनिटांत घरघर सुरू झाली. मला वाटलं, रस्त्यानं मळणीयंत्र चाललंय. मग आई वर बघून ओरडली. छताजवळ धुराड्याचा पाइप लाल झाला होता.

मी बादली उचलली होती, काका. तुम्ही दारातूनच ओरडलात, "पाणी नको! तोंड बुजवा!" समोरच्या ओट्यावरून तुम्हाला आमच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या छतावर, ठिणग्या उडताना दिसल्या होत्या. आत येऊन तुम्ही पातेली हलवू दिली नाहीत, चुलीच्या तोंडाला परात लावली आणि भाणवशीशेजारच्या घमेल्यातली ओली माती फटीफटीत थापली. भावाला वर पाठवलंत, पण पाइपाकडं नाही, पलीकडच्या कडब्याच्या गंजीवर पाणी मारायला. आतली हवा तुटली तशी घरघर बसत गेली. मी पाणी ओतलं असतं तर तापलेला पत्रा जागच्या जागी फाटू शकला असता आणि वाफेचा लोट निखाऱ्यांसकट आईच्या अंगावर आला असता. हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच ठाऊक होतं.

त्यानंतर रात्री दोनपर्यंत तुम्ही शिडीवर बसून छताच्या एकेका किलचीला, म्हणजे लाकडी पट्टीला, हात लावून बघत होतात. पाइपाला टेकलेली एक किलची आतून धुमसत होती. ती उपसून अंगणात टाकलीत तेव्हा वाऱ्यानं तिचं टोक पुन्हा पेटलं. ते टोक अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ते धुराडं माझी भेट होती. आईचा खोकला बघवेना, म्हणून शहरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याला पैसे देऊन मी ते बसवून घेतलं होतं. अर्ध्या दिवसात काम झालं. मी फोटो काढला, दिवाळीच्या शुभेच्छांबरोबर चार जणांना पाठवलासुद्धा. त्या रात्रीच्या दुसऱ्या दिवशी शेतातून आल्यावर तुम्ही त्या पाइपाकडं बघत बसलात, वैद्य नाडी बघतो तसे. बाहेरून काळे ओघळ आले होते. मला वाटायचं, पावसाचं पाणी असेल. तुम्ही एकच वाक्य बोललात : "पाइप उलटा बसवलाय."

वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपाच्या आत जायला हवं, म्हणजे धुराचं डांबर आतल्या आत उतरतं आणि चुलीत जळून जातं. आमच्याकडं नेमकं उलट होतं, म्हणून ते सांध्यातून बाहेर येत होतं. त्यात दोन कोपरे, कोपऱ्यात काजळी साचलेली, आणि साफ करायला कुठं झाकणच नाही. माळवदाच्या वर पाइप जेमतेम दोन फूट, शेजारच्या स्लॅबच्या भिंतीच्या आडोशाला, त्यामुळं वारा पडला की धूर परत घरात. आणि आत तो लाकडाला घासून गेलेला. एवढं सगळं चुकलेलं असून वर्षभर काही झालं नाही, यालाच आम्ही चांगलं काम समजत होतो.

पण माझा वाटाही तुम्ही लपवला नाहीत. दिवाळीत तोडलेली बाभूळ आम्ही येळवसला जाळत होतो. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी आटवण्यातच जाते. धूर थंड राहतो, आणि थंड धूर पाइपात चिकटतो. आधी भुकटी, मग पापुद्रे, मग चकचकीत डांबर. वर्षभर असं डांबर चढवायचं आणि एका रात्री तुराट्यांचा भडका द्यायचा. आम्ही पाइपात इंधनच भरून ठेवलं होतं.

नवं बांधायचं ठरलं तेव्हा तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत. मी वही-पेन घेऊन तयार होते! तुम्ही आईला विचारलंत, "वहिनी, भाकर थापताना परात कुण्या अंगाला असते?"

काका, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. माझ्या त्या शहरी चुलीचं तोंड इतकं अरुंद होतं की आहारावर, म्हणजे निखाऱ्यांवर, भाकर उभी करून शेकता यायची नाही. म्हणून आई खुरप्यानं रोज थोडं थोडं तोंड मोठं करत होती, आणि मी आले की त्यावर पोतेरं फिरवून ठेवत होती. तुम्ही खुरप्याचे वण बोटानं चाचपलेत आणि हसलात. ती म्हणाली, "पोरीनं हौसेनं केलतं ओ." तुम्ही तिचा तवा, तिचं पातेलं मागवून मापं घेतलीत आणि चुलीची भोकं त्या भांड्यांना बसतील अशी काढलीत, भांड्याभोवती फट राहिली तर धुराला धुराड्याची वाट कशाला हवी म्हणून. तिचा उजवा गुडघा दुमडत नाही, तर तोंड दोन बोटं डावीकडं घेतलंत.

माती तुम्ही गावठाणातली पांढरीची आणलीत. शेतातली काळी तापली की भेगाळते. भुसा, शेण घालून तीन दिवस भिजवून, तुडवून. मी सिमेंटचं पोतं आणायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, जाळाला सिमेंट टिकत नाही, आतून फुटतं. खाली लोखंडी जाळी, म्हणजे राख पडते आणि हवा खालून येते.

छताचा विषय मात्र नाजूक होता. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माळवदांखाली माणसं गाडली गेली, त्यानंतर आमच्या वडिलांनी बाकी घरावर पत्रे घातले. स्वयंपाकघराचा एक खण तेवढा राहिला. त्याला कुणी हात लावायचा म्हटलं की आईचा जीव वर-खाली होतो. तुम्ही आधी वरचा मातीचा भार उतरवलात. वर्षानुवर्षं गळतंय म्हणून थरावर थर टाकलेले, घमेली मोजता मोजता मी थकले. मग उजेडासाठी छतात जे सानं, म्हणजे भोक, होतं तेच रुंदावलंत. चार इंचाचा पाइप आणि चारी अंगांना लाकूड दीड फूट दूर, म्हणून साडेतीन फुटांचा चौकोन. सराला, म्हणजे मोठ्या तुळईला, करवत लावली नाहीत, फक्त किलच्या मागं घेतल्यात. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यावर शहाबादी फरशी, फरशीला भोक, भोकातून पाइप सरळ वर, एकही कोपरा नाही. खाली साफसफाईचं झाकण. वर टोपी, टोपीला जाळी, पाइपाला तारेचे तीन ताण.

उंचीचं तुमचं गणित मी नंतर पडताळून बघितलं. जिथून पाइप छताबाहेर निघतो तिथून निदान ३ फूट वर, आणि आसपासच्या १० फुटांत जे काही उंच असेल त्याच्याहून २ फूट वर. थंड मुलखात घराघरात लाकडाच्या शेगड्या असतात, तिथले जाणकारही हेच माप सांगतात. तुम्ही ते बोटं मोजून काढलं होतंत.

तुम्हाला हे कुठून येतं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही लगेच बोलला नाहीत. जेवताना बोललात. १९८० च्या दशकात राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला तेव्हा तालुक्याला तुमचं प्रशिक्षण झालं. तो कार्यक्रम २००२ मध्ये बंद होईपर्यंत देशभर ३ कोटींच्या वर चुली बसल्या. त्यातल्या कितीतरी तुमच्या हातच्या. आणि तुम्ही म्हणालात, "चूल बसिवली, आकडा झाला, घरी आलो. धुराडं कसं झाडायचं ते बायांना कुणी सांगितलंच न्हाई. मीबी न्हाई." भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला होता तुमच्या. मी काही बोलले नाही. आज म्हणते, आमच्या घरापुरतं तरी ते फिटलं.

(एक गोष्ट तुम्हाला आवडेल. बिनधुराच्या चुलीचं काम आपल्या भागाला परकं नाही. हैदराबादच्या इंजिनिअरिंग संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी १९५० च्या आसपास धुराड्याची चूल तयार केली होती. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, १९५६ पर्यंत.)

तुमच्या घराच्या मागं त्या काळातले सिमेंटचे दोन पाइप पडलेत. मी म्हटलं, तेच वापरू. तुम्ही नाही म्हणालात. त्यात ॲस्बेस्टॉस, कापताना उडणारी धूळ छातीत बसते. फुकटचा पाइप नाकारणारा गवंडी मी पहिल्यांदा बघितला.

आता हिशेब देते, कारण तुम्ही तो मागणार.

दर अमावास्येला धुराडं झाडलं जातं. सुताच्या दोरीला दगड, वर बाभळीच्या काटेरी फांदीचा जुडगा. भाऊ माळवदावरून सोडतो, आई खालच्या झाकणातून काजळी काढते. तारखा तिच्या लक्षात राहत नाहीत, अमावास्या राहते, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. काढलेली काजळी ती नखानं खरवडून बघते. भुकटी असेल तर ठीक. थर ३ मिलिमीटरला आला किंवा चकाकी दिसली की महिना थांबायचं नाही. श्रावणात एकदा चकाकी दिसली. सरपण भिजलेलं होतं. तेव्हापासून जळण पडवीत, जमिनीपासून वीतभर वर, आणि वापरायचं मागच्या वर्षीचं. दोन ओंडके एकमेकांवर आपटून टणटण वाजलं तर वाळलं. कण्हेर, रंगवलेली फळकुटं, प्लास्टिक चुलीत जात नाही. पऱ्हाट्या-तुराट्या फक्त पेटवणापुरत्या.

एकदा कोडं पडलं होतं. सगळं साफ, तरी धूर घरात. तुम्ही फोनवरच विचारलंत, "फॅन चालू हाय का?" होता. गॅससाठी बसवलेला एग्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर ओढत होता आणि धुराड्यातून वारा उलटा खाली येत होता. आता एका वेळी एकच. थंडीत धुराडं गार असलं की आधी खालच्या झाकणाशी मूठभर वाळलं गवत पेटवायचं, उदबत्तीचा धूर आत ओढला जातोय का बघायचं, मगच चूल.

राख पत्र्याच्या बादलीत, दोन दिवस झाकण लावून, मगच उकिरड्यावर. वरून गार दिसणारी राख पोटात निखारे सांभाळून असते. गॅसचा सिलिंडर तुम्ही चुलीजवळून हलवलात तो अजून तिकडंच आहे. आणि निजताना उशाशी निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची आईची सवय मोडली. तिच्याशी तुम्ही एवढ्याच एका गोष्टीवर कडक बोललात. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही; दार लावलेल्या खोलीत माणूस झोपेतच जातो. मी त्याचा अलार्मही आणून लावलाय. आई त्याला "तुमचा राखणदार" म्हणते.

गॅस सोडू नका, हेही तुम्हीच बजावलंत. चहा, भात, दूध गॅसवर. धुराडं धूर घराबाहेर नेतं, नाहीसा करत नाही. चुलीचा गवंडी असून हे बोललात. आईची भाकरी, हुरड्याच्या दिवसांतलं न्हाणाचं पाणी आणि येळवस एवढंच चुलीकडं राहिलंय.

तुमच्या आठ दिवसांच्या मजुरीवरून आपलं भांडण झालं होतं. तुम्ही पाचच दिवसांची घेतलीत, "तीन दिस माती तुडवली, ते काय काम हाय?" म्हणालात. त्या तीन दिवसांचं आई तुम्हाला काय देणार ते ती मला सांगत नाही. हुलग्याचं गाठोडं बांधलेलं दिसलंय, एवढं सांगते.

वळवाच्या वाऱ्यात टोपीचा एक ताण सैल झालाय. येळवसला शेतात आंबील प्यायला याल तेव्हा एकदा बघा. झाडण्यासाठी फांदी आणू नका. काटे बोथटले म्हणून आईनं नवी तोडून सान्याखाली टांगलीय.

तुमची पुतणी